गाडीखालचा कुत्रा

भरल्या बैलगाडीखालून, दोन चाकांच्या मधल्या सावलीतून, धापा टाकत चालणारा कुत्रा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्यावरची गोष्टही ठाऊक असणार. त्या कुत्र्याला म्हणे वाटत असते की गाडी आपणच ओढतो आहोत. आमच्या घरी ही गोष्ट आईच्या तोंडी नेहमी असे. आम्हा भावंडांपैकी कोणी केल्या कामाची फुशारकी मारू लागला, की ती चुलीपुढून एवढेच म्हणे, "हो रे बाबा, गाडीखालचा कुत्रा!" पुढे नोकरीसाठी सुरतेला गेलो तेव्हा हाच कुत्रा मला गुजरातीत भेटला. तिथे तर त्याच्या पाठीशी नरसिंह मेहत्यांसारखा भक्तकवी उभा आहे. 'मी करतो, मी करतो' म्हणणाऱ्या माणसाचे अज्ञान दाखवायला त्यांनी आपल्या पदात हाच दृष्टांत घेतला आहे. म्हणजे दोन भाषांनी मिळून एका मुक्या जनावराला अहंकाराचा पुतळा करून ठेवले, आणि त्याची बाजू मांडायला कोणी पुढे आले नाही.

मीही त्या थट्टेत सामील होतो. ते हसू मावळले त्याला आता चाळीस वर्षांवर झाली.

मी मूळचा नवापूरचा. १९७६ साली सुरतेच्या एका मराठी शाळेत शिक्षक म्हणून लागलो. १९८१-८२ च्या हिवाळ्यात बारडोलीजवळ एका सहकाऱ्याच्या गावी गेलो असता रस्त्यात उसाच्या गाड्यांची रांग उभी होती. गाडीवान खानदेशातले, त्यामुळे बोलीवरून लगेच ओळख पटली आणि विडीकाडी झाली. एका गाडीखाली पिवळसर रंगाचा, एक कान फाटलेला कुत्रा बसला होता. मी आपला मास्तरी विनोद केला, "काय मामा, गाडी हाच ओढतो ना?" बाकीचे हसले, पण तो म्हातारा हसला नाही. म्हणाला, "दिवसा बैल ओढतात, गुरुजी. रात्री हा ओढतो."

तेव्हा मला ते एका म्हाताऱ्याचे नेटके उत्तर वाटले. त्याचा अर्थ पडावावर गेल्यावर कळला.

सुरत जिल्ह्यातले बारडोली, चलथाण, सायण हे साखर कारखाने आपल्या वाचकांना नवे नाहीत. सहकाराचे ते वैभव ज्या हातांवर उभे आहे ते हात मात्र डोंगराकडून येतात : डांग, व्यारा-सोनगडकडून, आणि आपल्या नंदुरबार, धुळे, नाशिक जिल्ह्यांतून. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले की मुकादम उचल देतो, आणि दिवाळीच्या आगेमागे ती उचल फेडायला सारे कुटुंब निघते. तिथे माणूस मोजत नाहीत, 'कोयता' मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसे, बहुधा नवराबायको. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने पाला काढून मोळ्या बांधायच्या. खायला म्हणून 'खावटी' मिळते, तीही हिशेबात धरली जाते. दिवाळीपासून अक्षयतृतीयेपर्यंत, कधी त्यापुढेही, एका शेतातून दुसऱ्या शेताकडे, एका पडावावरून दुसऱ्या पडावावर ही माणसे फिरत राहतात. घर म्हणजे चार बांबू, त्यांवर प्लास्टिकचा कागद, खाली पाचट आणि तीन दगडांची चूल. त्याला दार नसते, आणि दार नाही म्हणून कुलूपही नसते.

दार नसलेल्या घरात कुत्रा हे काय असते, ते दार असलेल्या माणसाला सांगून कळत नाही. पहाटे तीन-चारला टोळी तोडीला निघते. पडावावर मागे उरतात ती तान्ही मुले, त्यांना सांभाळणारी सहा-सात वर्षांची बहीण, कोंबड्या, पिठाचा डबा आणि कुत्रा. दक्षिण गुजरातच्या उसात बिबटे राहतात. दिपडा म्हणतात त्याला. आपल्याकडे नाशिक-जुन्नर भागात जे झाले तेच तिथेही झाले आहे. उंच, दाट, वर्षभर उभे असलेले पीक त्याला जंगलासारखेच वाटते. तोडणी सुरू झाली की ते जंगल रोज थोडे थोडे मागे सरकते आणि बिबट्या बावचळतो. अंधारात त्याचा वास पहिल्यांदा येतो तो कुत्र्याला. आणि पडावावर येऊन बिबट्या पहिल्यांदा उचलतो तोही बहुधा कुत्राच. म्हातारा गाडीवान मला म्हणाला होता, आमच्या पडावावर दोन मोसमांत तीन कुत्रे गेले, पोर एकही गेले नाही. हे सांगताना त्याच्या बोलण्यात दुःख होते असे मी म्हणणार नाही. हिशेब सांगावा तसा त्याने तो सांगितला. पण चौथा कुत्रा त्याने स्वतःच्या भाकरीतला तुकडा मोडून वाढवला होता, हेही त्याच हिशेबात होते.

त्याच्याकडून मी आणखी एक गोष्ट ऐकली. नव्या शेतावर पोचल्यावर झोपडी कुठे घालायची, हे कसे ठरवता, असे मी विचारले. माझ्या मनात उतार, पाणी, वारा असले काही होते. तो म्हणाला, "आम्ही कशाला ठरवू? कुत्रा दोन फेरे घेऊन बसतो, तिथं चूल मांडायची." कुत्रा बसण्याआधी स्वतःभोवती गोल फिरतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या फेऱ्यांत कोणाच्या घराची वास्तुशांत होत असेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

ही सगळी आठवण परत वर येण्याचे कारण अगदीच वेगळ्या ठिकाणी घडले. तीनेक वर्षांपूर्वी, माघातल्या एका संध्याकाळी मी डुमसला समुद्रावर गेलो होतो. काळ्या वाळूचा तो किनारा सुरतकरांच्या पाठीस लागलेला आहे. भजी खावी, वारा खावा, परत यावे. झाडांच्या सावलीला एक मोठी बंद गाडी उभी होती. मागचे दार उघडे, आत ओटा, शेगडी, दोन फळ्यांचा पलंग, खिडकीला पडदा. बाहेर खुर्च्या टाकून एक तरुण जोडपे बसले होते आणि त्यांच्या पायाशी साधा, गावठी, तांबूस कुत्रा. त्यांचे मराठी कानावर पडले म्हणून थांबलो. पुण्याकडची मुले. दोघांचेही काम संगणकावरचे, कुठूनही करता येणारे. भाड्याचे घर सोडून त्यांनी हे चाकांवरचे घर केले होते आणि वर्षभर ती त्यातच राहत होती. कुत्रा डहाणू-घोलवडच्या बाजूला रस्त्यावर मिळाला म्हणून त्याचे नाव चिकू.

मला आधी, खरे सांगतो, थोडा राग आला. ज्या जगण्यासाठी आपल्याकडच्या माणसांना उचल घ्यावी लागते, ते ही मुले हौसेने, पैसे मोजून करतात! पण मुलीने "बसा ना काका" म्हणून खुर्ची पुढे केली, चहा टाकला, आणि ती बोलू लागली तसा माझा राग थोडा बाजूला झाला. कारण ती समुद्र, सूर्यास्त, स्वातंत्र्य यांबद्दल बोलली नाही. पाण्याबद्दल बोलली. टाकीत पाणी किती, त्यातले चिकूचे किती, त्याचे पाय धुवायला किती. उन्हाबद्दल बोलली. काचा बंद करून गाडी उन्हात उभी केली तर थोड्याच वेळात आत भट्टी होते, कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो जिभेने आणि धापांनी निवतो, आणि कोंडल्या हवेत त्याला तेही जमत नाही. म्हणून दोघांपैकी एकाला नेहमी त्याच्याजवळ थांबावे लागते. "काका, गेल्या आठ महिन्यांत आम्ही दोघं मिळून एकाही देवळात गेलो नाही. हा जाऊन येतो, मग मी." मुक्कामाची जागा नकाशावर दिसते ती नव्हे, सावली असते ती. गोचिड्या रोज रात्री बोटांनी चाचपून काढाव्या लागतात. रेबीजच्या लशीचे पुस्तक गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे लागते. आणि सर्वात कठीण म्हणजे गावागावचे कुत्रे.

ते मला नवे होते. आपल्याला वाटते, भटक्या माणसाला सगळी पृथ्वी मोकळी. कुत्र्यांच्या नकाशात मोकळी जागाच नाही. प्रत्येक गल्ली, प्रत्येक चौक, प्रत्येक भज्याची गाडी कोणत्या ना कोणत्या टोळीची आहे. चिकू खाली उतरला की दहा मिनिटांत तिथले मालक हजर होतात, त्याला घेरतात, हुंगतात, गुरगुरतात. त्याने कधी शेपूट घालायची, कधी दात दाखवायचे, हे दर मुक्कामी नव्याने ठरते. "आम्ही फिरतो, पण उपरा म्हणून रोजची परीक्षा त्याची होते," असे तो मुलगा म्हणाला. नवापूरहून सुरतेत आलेल्या, पहिली दोन वर्षे उधन्याच्या चाळीत 'पेला मराठी मास्तर' म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला हे अधिक फोड करून सांगावे लागले नाही.

चहा होईतो अंधार पडला. चिकू उठला, गाडीच्या मागच्या चाकापाशी गेला, दोन फेरे घेऊन बसला. मुलीने लगेच खुर्च्या आवरल्या. "तो तिथे बसला की आमचा दिवस संपला." मी काही बोललो नाही, पण मला बारडोलीचा म्हातारा आठवला.

पश्चिमेकडच्या या प्रथेला एक मोठा लेखक पूर्वज आहे. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक याने १९६० च्या शरद ऋतूत एका ट्रकवर छोटेखानी घर बसवून घेतले, डॉन क्विक्झोटच्या घोड्यावरून त्याला 'रोसिनांत' असे नाव दिले आणि चार्ली नावाचा आपला म्हातारा पूडल कुत्रा घेऊन सुमारे दहा हजार मैल आपलाच देश पाहिला. त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली आले, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. वाटेत चार्ली आजारी पडतो, त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेले जाते. एक डॉक्टर बेफिकीर निघतो, पुढे दुसरा मायेचा भेटतो, चार्ली बरा होतो. वाचायला मोठे लोभस आहे. पण याच स्टाइनबेकने १९३९ मध्ये 'ग्रेप्स ऑफ रॉथ' लिहिली होती. जमीन गेलेले एक शेतकरी कुटुंब जुन्या मोटारीचा ट्रक करून कॅलिफोर्नियाला मजुरीसाठी निघते. त्यांच्याबरोबरही कुत्रा आहे. प्रवासाच्या सुरुवातीलाच, एका पेट्रोल पंपावर थांबले असता, तो रस्त्यावर येतो आणि भरधाव मोटारीखाली सापडतो. त्यांना पुढे जायचे आहे, ते पुढे जातात.

एकाच माणसाच्या लेखणीतले हे दोन कुत्रे मी पुष्कळदा शेजारी ठेवून पाहिले आहेत. चार्ली वाचला तो मालकाच्या प्रेमामुळे, असे आपण म्हणतो. त्या दुसऱ्या कुटुंबाचे प्रेम कमी होते का? त्यांच्याकडे थांबायला वेळ नव्हता. थांबता येणे ही मोठी श्रीमंती आहे. डुमसच्या मुलांना सावली मिळेपर्यंत गाडी हाकता येते, कुत्रा दमला तर एक दिवस जास्त राहता येते. कोयत्याला तसे राहता येत नाही. कारखान्याची चिठ्ठी आली की रात्री बाराला उठून ट्रक भरून द्यावा लागतो.

मग प्रश्न असा उभा राहतो की सोबत्याला न सोडणे हा धर्म सगळ्यांना सारखाच लागू आहे, की तो परवडणाऱ्यांसाठी आहे?

आपल्याकडे भटकणाऱ्याच्या पायाशी कुत्रा ही गोष्ट आजची नाही. दत्तात्रेय काशीला स्नान करतो, कोल्हापुरास भिक्षा मागतो, माहुरास निजतो, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणजे रोजचा प्रवासी, आणि त्याच्याबरोबर चार कुत्रे. ते चार वेद आहेत असे सांगतात. साक्री-नंदुरबारकडचे ठेलारी धनगर मेंढरे घेऊन निघतात तेव्हा घोड्याच्या पाठीवर कोंबड्या, कोकरे आणि कुत्र्याची पिल्ले एकत्र बांधलेली दिसतात. चालता न येणाऱ्याला वाहून न्यायचे, हा तिथे नियम आहे. त्याला कोणी वेदांचा आधार देत नाही.

आणि मग युधिष्ठिर. महाप्रस्थानाची ती कथा लहानपणी ऐकताना मला फार आवडे. द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम पडले, धर्मराजाने मागे वळून पाहिले नाही. शेवटी इंद्राचा रथ आला. इंद्र म्हणाला, चल, पण हा कुत्रा इथेच राहू दे, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. आणि ज्याने भाऊ आणि पत्नीसाठी पाऊल थांबवले नव्हते तो कुत्र्यासाठी थांबला. भरवशाने बरोबर आलेल्याला टाकणे हे मोठे पाप आहे, म्हणाला. पुढे कुत्र्याच्या जागी साक्षात यमधर्म उभा राहिला आणि सगळे गोड झाले.

आता वयानुसार त्या गोडाचाच मला त्रास होतो. कुत्रा जर कुत्राच राहिला असता तर? रथ निघून गेला असता आणि म्हातारा राजा बर्फात एका हडकुळ्या जनावराजवळ बसून राहिला असता, तर त्या निर्णयाची किंमत आपल्याला कळली असती. कथेने ती किंमत शेवटी परत करून टाकली. शिवाय युधिष्ठिर नकार देऊ शकला, कारण त्याच्याकडे सोडायला काही उरलेच नव्हते. राज्य नातवाला दिलेले, माणसे वाटेत पडलेली. ज्याची बायको-मुले ट्रकमध्ये आधीच चढली आहेत आणि ज्याच्या नावावर मुकादमाची उचल आहे, त्याला इंद्र म्हणाला की कुत्र्याला जागा नाही, तर त्याने काय करावे?

या प्रश्नावर मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहू शकलो असतो, पण ते खोटे होईल. म्हणून इथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

सप्टेंबर १९९४. गणपती बोळवून चार दिवस झाले नाहीत तो सुरतेत प्लेगची बातमी उठली. आज मागे वळून पाहता देशभरातले मृत्यू साठाच्या आत होते असे दिसते, पण त्या दिवसांत आकडा कोणाला माहीत होता? टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून स्टेशनांकडे धावले, काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. आम्हीही निघालो. आमच्याकडे तेव्हा मोती होता. हे नाव आम्ही मुद्दाम ठेवले होते, मराठीत आणि गुजरातीत दोन्हीकडे चालणारे. तो काही विकत आणलेला कुत्रा नव्हता. त्याची आई आमच्या गल्लीत व्यायली तेव्हा शेजारच्या बांनी पोरांना घरोघर पाठवून पीठ, गूळ, तेल जमवले होते आणि तिला शिरा करून घातला होता. सुरतेकडची ही चाल मला फार आवडते. त्या चार पिल्लांतला एक आमच्या घरात शिरला आणि सात वर्षे राहिला.

उधना स्टेशनपर्यंत तो आमच्या रिक्षामागे धावत आला. फलाटावर माणसांचा लोंढा होता. धाकट्या मुलीला मी खिडकीतून आत ढकलले, बायको कशीबशी दारातून चढली, बॅग चढली. मोती माझ्या पायांशी होता. मुलगी आतून ओरडत होती, "बाबा, मोतीला द्या!" तो काही लहान नव्हता, पण उचलून देता आला असता. आतल्या माणसांनी शिव्या दिल्या असत्या. मी त्याला दिला नाही. त्याच्याकडे पाहिलेही नाही. युधिष्ठिराने जसे मागे पाहिले नव्हते तसेच म्हणा, फक्त त्याने ते ज्यांच्या बाबतीत केले त्यांच्याऐवजी मी ते कुत्र्याच्या बाबतीत केले. नवापूरला पोचल्यावर मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही परतलो. मोती ओट्यावर बसलेला होता. हाडे दिसत होती, पण जिवंत होता. बा शहर सोडून गेल्या नव्हत्या. "जशे तो क्यां, मास्तरभाई?" त्या म्हणाल्या, "हुं हती ने." त्यांनीच त्याला रोटला घातला होता. मोतीने शेपूट हलवली, मुलीचे तोंड चाटले, माझेही हात चाटले. राग म्हणून काही नव्हते. पण त्या दिवसानंतर तो आमच्या घरात आला नाही. उंबऱ्यापर्यंत येई, तिथे वाढलेले खाई, आणि ओट्यावर जाऊन बसे. थंडीत हाका मारल्या, पोते अंथरले, मुलीने ओढून पाहिले. उंबरा काही त्याने ओलांडला नाही. आणखी चार वर्षे जगला. एखादा म्हणेल, कुत्र्याच्या वागण्यात एवढा अर्थ काढू नये. मी काढत नाही. घडले ते सांगितले.

माझ्यावर उचल नव्हती, मुकादम नव्हता. फक्त गर्दी होती आणि आतल्या लोकांच्या शिव्यांची भीती. त्यामुळे परिस्थितीच्या नावाने मी काय काय खपवले, ते मला ठाऊक आहे. पण म्हणून कोयत्याच्या माणसाला तोच माप लावायला माझी जीभ उचलत नाही. त्याला ज्या ट्रकमध्ये बसायचे आहे तो त्याने केलेला नाही. बैलगाडी होती तोवर कुत्र्याला चाकांमधली सावली होती, आणि गाडी चालायची ती कुत्र्याच्या पायांना झेपेल अशा चालीने. अजूनही काही गाड्या येतात, पण बहुतेक माणसे आता ट्रकने येतात. ट्रकखाली कुत्र्याने चालायचे कसे?

सुरत हे दयेचे शहर आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. तिथल्या पांजरापोळीची कीर्ती तीन-साडेतीनशे वर्षांची आहे. १६८९ साली सुरतेस आलेला जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री गायी, घोडे, बकऱ्या, कुत्रे यांच्या इस्पितळाचे वर्णन करतो. त्याने आणखी एक नमूद करून ठेवले आहे : ढेकूण-पिसवांसाठीही तिथे जागा होती, आणि त्यांना अन्न मिळावे म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर त्या खाटेवर निजवत. तो उठून पळू नये म्हणून त्याला बांधूनही ठेवत. पाद्र्याला त्यात परक्यांच्या धर्माची गंमत दिसली असेल, तिखटमीठ लावलेही असेल. मला मात्र त्या खाटेवरचा माणूस दिसत राहतो. जनावरावरची दया ज्याच्या अंगावर चालते त्याला कोणी विचारले नाही. ती दया खरीच होती, पण ती दारात उभी राहून घातलेली होती. पडावावरचा माणूस कुत्र्यावर दया करत नाही. एका ताटातला तुकडा त्याला देतो आणि एका बिबट्याच्या तोंडी त्याला ठेवतो. तिथे जमाखर्च उघडा आहे. मला ते नाते अधिक सरळ वाटते, जरी ते पाहवत नाही.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी नवापूरला होतो. आमचे स्टेशन वाचकांना माहीत आहे. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा हद्द फलाटाला कापून गेली, त्यामुळे तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. एकाच बाकावर दोन माणसे दोन राज्यांत बसतात. बाहेरचे लोक येऊन तिथे फोटो काढतात. तिथून सकाळी फिरत फिरत सुरत रस्त्यापर्यंत गेलो, तर फाट्यावर एक ट्रक भरत होता. गोधड्या, पातेली, सायकल, बांबू, कोंबड्यांची टोपली. मुकादम वही घेऊन कोयते मोजत होता. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी गोधडीचे बोचके छातीशी धरून चढली, आणि ते बोचके हलत होते. आतून पिल्लाचा बारीक आवाज आला. मुकादमाने वहीतून मान वर केली. मला वाटले, आता हा खाली टाकायला लावणार. त्याने मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कूतरांनी गणतरी नथी." कुत्रे मोजायचे नसतात. त्याला ते वाक्य कोणत्या अर्थाने म्हणायचे होते, मी विचारले नाही. पिल्लू गेले.

पिल्लाची आई खाली होती. करड्या रंगाची, थानांना लोंबलेली. तिला कोणी वर घेतले नाही. ट्रक सुरू झाला तशी ती मागे धावली, पुलापर्यंत गेली, मग चालत परत आली. फाट्यावरच्या दगडावर एक म्हातारा बसला होता. त्याचा मुलगा आणि सून त्या ट्रकमध्ये होते. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून यंदा त्याला नेले नव्हते. मी विचारले, "बाबा, हिला आता भाकर कोण घालणार?"

"मीच की," तो म्हणाला. "अन् मला ती सोबत. दोघंबी उरलेलेच."

कुत्री त्याच्याजवळ आली, दगडाभोवती दोन फेरे घेतले आणि बसली. पण तोंड रस्त्याकडे, ट्रक गेला त्या बाजूला. म्हाताऱ्याने हाताने चाचपून तिची मान शोधली.

"बसंल अशीच चार दिस," तो म्हणाला.